आधी शिकवा, मग कामाला लावा

आजच्या भागात आम्ही तुमच्याशी कामाच्या पहिल्या दिवसाबद्दल बोलणार आहोत. कुणी रोजगार हमीच्या कामावर पहिल्यांदा जाते. कुणी कारखान्यात ठेकेदाराकडे लागते. कुणी लग्न होऊन नव्या गावात येते आणि पहिल्याच हंगामात सासरच्या रानात मोहफुलं वेचायला उतरते. त्या पहिल्या दिवशी मजुरी किती ते सांगतात, कामावर कधी यायचं ते सांगतात. पण या कामात जीव कशानं जाऊ शकतो, हे कुणी सांगतं का? आणि ते सांगणं कुणाचं कर्तव्य आहे?

या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीत घडला आहे. तो जाणून घेतला, तर आज आपण काय मागायचं आणि कुणाकडे मागायचं, हेही कळेल.

सुरुवात रानापासून करू. कारखाने आणि खाणी यायच्या आधीपासून आपल्याकडच्या बाया रानात काम करत आल्या आहेत. मोहफुलं, तेंदू, डिंक, सरपण, बांबू, रानभाज्या. या कामाचं शिक्षण होतं, फक्त त्याची शाळा नव्हती. नवी सून सासूच्या, आत्याच्या, जावेच्या मागे मागे रानात जायची. वानरं एकदम ओरडू लागली तर थांबायचं. पडलेलं लाकूड ओलांडताना आधी पलीकडे बघायचं. बोलत बोलत चालायचं. पाण्याच्या जागी संध्याकाळी रेंगाळायचं नाही. हे सगळं हाताखाली राहून शिकायचं होतं. शिकवणारीनं स्वतः ते रान आयुष्यभर पाहिलेलं असायचं, आणि शिकणारीला एकटं सोडत नसत. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

मग कोळसा आला. वरोऱ्याला १८७० च्या दशकात सरकारी कोळसा खाण सुरू झाली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली ती या कोळशासाठी. १९०६ मध्ये ती खाण बंद झाली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. पुढे घुग्घुस, माजरी, सास्ती अशा किती तरी ठिकाणी कोळसा निघाला. खाणीत कामाला आलेली माणसं शेतीतून आणि रानातून आलेली होती. आता त्यांना जमिनीच्या पोटात जायचं होतं, आणि तिथलं त्यांना काही ठाऊक नव्हतं.

खाणीत धोका डोळ्यांना दिसत नाही. डोक्यावरचं दगडी छत वरून घट्ट वाटतं आणि आतून सुटलेलं असतं. जाणता कामगार काठीनं ते ठोकून बघतो. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर मागे फिरायचं. हवेत पेट घेणारा वायू असतो, त्याला वास नसतो. शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत पाणी साचलेलं असतं आणि मधली भिंत पातळ झाली की ते लोंढ्यानं आत घुसतं. पहिल्या दिवशी आत गेलेल्या माणसाला यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. सासूसारखं शिकवणारंही तिथं कुणी नव्हतं, कारण काम सगळ्यांनाच नवं होतं.

देशातल्या कोळसा खाणींत त्या काळी अख्खी कुटुंबं कामाला लागत. पुरुषानं कोळसा फोडायचा आणि बाईनं टोपलीत भरून वाहायचा, अशी पद्धत. बाया जमिनीखाली जात, गरोदर बायाही जात. १९०१ मध्ये खाणींचा पहिला कायदा आला आणि खाणी तपासण्याची व्यवस्था झाली. १९२३ च्या कायद्यानं १३ वर्षांखालच्या मुलांना खाणीत घ्यायला मनाई केली. पण कामाला लावण्याआधी माणसाला शिकवलं पाहिजे, असं या कायद्यांत कुठंही सक्तीनं सांगितलेलं नव्हतं.

बायांच्या बाबतीत सरकारनं वेगळाच मार्ग धरला. १९२९ मध्ये नियम झाले की बायांनी जमिनीखाली काम करायचं नाही. एकदम बंदी घातली तर कोळसा निघायचा कसा, म्हणून बंगाल, बिहार-ओरिसा आणि आपल्या मध्य प्रांतातल्या कोळसा खाणींना सवलत दिली. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. जमिनीखाली काम करणाऱ्यांत बायांचं प्रमाण आधी शंभरात २९ पर्यंत ठेवायचं, मग दर वर्षी तीन-तीननं कमी करत १९३९ पर्यंत शून्यावर आणायचं, असा हिशेब होता. प्रत्यक्षात १९३७ मध्येच पूर्ण बंदी झाली.

ही बंदी वाईटच होती असं आम्ही म्हणणार नाही. गरोदरपणात अंधारात, ओल्यात, वाकून टोपल्या वाहणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण धोका कमी करण्याऐवजी बाईला कमी केलं, हेही खरं. छत तसंच राहिलं, वायू तसाच राहिला. तिचा नवरा आणि भाऊ त्याच छताखाली, न शिकता, काम करत राहिले. आणि घरात येणाऱ्या दोन मजुऱ्यांतली एक गेली. बाया काय म्हणतात, हे त्यांना विचारल्याशिवायच हा निर्णय झाला.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. कोळसा कमी पडू लागला, मजूर मिळेनात. तेव्हा १९४३ मध्ये सरकारनं तीच बंदी उठवली आणि बायांना पुन्हा खाणीत बोलावलं. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात रेणुका राय यांनी १९४४ मध्ये हा विषय लावून धरला आणि बंदी उठवण्याला विरोध केला. तेव्हा सरकारात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होतं. ही सूट युद्धापुरती आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. जमिनीखाली काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे तत्त्व या वेळी मान्य झालं, हेही त्यांनी सभागृहात सांगितलं. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये बंदी परत लागू झाली. म्हणजे गरज होती तोवर बाईला आत घेतलं, गरज सरली आणि बाहेर काढलं. आत घेताना तिला धोक्याची ओळख करून देण्याचा सक्तीचा नियम मात्र तेव्हाही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा आला. त्यातही बाईला जमिनीखाली मनाई होती, आणि जमिनीवरचं कामही सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यानच. पुरुषांसाठी खाण तितकीच धोक्याची राहिली. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा भागातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं आणि ६३ कामगार गेले. तेव्हा छिंदवाडा आणि चांदा एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. फेब्रुवारी १९५८ मध्ये बंगालमधल्या चिनाकुरी खाणीत स्फोट झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं मेली. मे १९६५ मध्ये बिहारमधल्या धोरी खाणीत स्फोटानं २६८ जणांचा बळी घेतला.

१९६६ मध्ये खाण व्यवसाय प्रशिक्षण नियम आले. आजच्या आपल्या गोष्टीतलं हे सगळ्यांत महत्त्वाचं वळण आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. नियमांचा गाभा असा: ठरलेलं प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणालाही खाणीत कामाला लावायचं नाही. प्रशिक्षणाची सोय करायची जबाबदारी मालकाची. शिकण्याच्या काळात कामगाराला मोबदला द्यायचा, म्हणजे शिकतो म्हणून त्याची चूल बंद पडू नये. आधी शिकवण्याच्या जागी शिकायचं, मग जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करायचं. आणि एकदा शिकलं म्हणजे झालं असं नाही, काही वर्षांनी पुन्हा उजळणी करायची.

आमच्या भागातल्या कोळसा वसाहतींत आजही कामगार 'व्हीटी ट्रेनिंग झालं का?' असं विचारतात, ते यालाच. तिथं दिवा आणि हेल्मेट कसं वापरायचं ते शिकवतात. छत ठोकून कसं बघायचं, वायू कुठं साचतो, सुरुंग लावताना किती लांब उभं राहायचं, इशाऱ्याचा अर्थ काय, बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, जखमी माणसाला कसं उचलायचं, हे सगळं शिकवतात. पूर्वी आपल्या रानात सासू सुनेला जे करत होती, तेच इथं नियमात लिहिलं गेलं: जाणत्यानं शिकवायचं आणि नव्याला एकटं सोडायचं नाही. फरक एवढा की आता ते मालकावर बंधनकारक झालं.

त्याच वर्षी, ४ मार्च १९६६ रोजी, राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. म्हणून दर वर्षी ४ मार्चला कारखान्यांत आणि खाणींत सुरक्षा दिन पाळतात. तुमच्यापैकी कुणाच्या घरातली माणसं वीज केंद्रात, सिमेंट कारखान्यात किंवा खाणीत असतील, तर त्या दिवशीच्या शपथा आणि फलक त्यांनी पाहिले असतील.

नियम आला म्हणून अपघात थांबले, असं नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ माणसं गेली. तोवर कोळसा खाणी सरकारच्या झाल्या होत्या. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ मध्ये आपल्या भागातल्या खाणी सांभाळायला वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी नागपूरला सुरू झाली. शिकलेला कामगारसुद्धा वरच्यांच्या चुकीमुळे मरू शकतो, हे चासनालानं दाखवलं. म्हणून प्रशिक्षण म्हणजे सगळी जबाबदारी कामगाराच्या गळ्यात टाकणं नव्हे. 'तुला शिकवलं होतं ना, मग मेलास कसा?' असं कुणी म्हणू लागलं, तर ते शिकवणं खोटं आहे.

कारखान्यांचं काय झालं ते आता बघू. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. हजारो माणसं मेली. कारखान्यात कोणतं विष साठवलंय, ते सुटलं तर काय करायचं, हे शेजारच्या वस्त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात कामगाराला हक्क म्हणून दोन गोष्टी लिहून दिल्या: आपल्या आरोग्याला आणि जीविताला कशापासून धोका आहे, याची माहिती मालकाकडून मागायची, आणि सुरक्षेचं प्रशिक्षण मिळवायचं. १९६६ मध्ये प्रशिक्षण हे खाणमालकाचं बंधन होतं. १९८७ मध्ये ते कारखान्यातल्या कामगाराचा हक्क झालं. हा मोठा बदल आहे. बंधन पाळलं नाही तर सरकारी निरीक्षक मालकाला विचारतो. हक्क असला तर आपणही विचारू शकतो.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बायांसाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. कारखाना कायद्यात कामगार म्हणजे फक्त कंपनीच्या हजेरीपटावरचा माणूस नव्हे. ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा कामगारच. 'तू आमची नाहीस, ठेकेदाराची आहेस,' हे उत्तर सुरक्षेच्या बाबतीत चालत नाही. २०२० मध्ये संसदेनं असे १३ कायदे एकत्र करून कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांबद्दल एकच संहिता केली. माहिती मागण्याचा हक्क त्यातही आहे.

आणि खाणीतल्या बाया? २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं १९५२ च्या मनाईत सूट दिली. उघड्या खाणीत बाया रात्रीही काम करू शकतात आणि जमिनीखाली दिवसा तांत्रिक व देखरेखीच्या कामावर जाऊ शकतात, असं ठरलं. अटी घातल्या: बाईची लेखी संमती हवी, सुरक्षेची सोय हवी, आणि एकटीला न पाठवता किमान तिघींच्या गटात कामावर लावायचं. जवळजवळ नव्वद वर्षांनी उत्तर बदललं. आता बाईला बाहेर काढा, असं न म्हणता, काम तिच्यासाठी सुरक्षित करा, असं म्हटलं गेलं. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीत गेल्या काही वर्षांत स्थानिक मुली प्रशिक्षण घेऊन मोठाले डंपर चालवू लागल्या आहेत. त्या खाणीबद्दल गावागावांत वेगवेगळी मतं आहेत आणि तो वेगळ्या भागाचा विषय आहे. पण डंपरच्या चाकामागे बसायच्या आधी त्या मुलींना शिकवावं लागतं, ही गोष्ट इथं महत्त्वाची.

आता मैत्रिणींनो, मूळ मुद्द्यावर येऊ. खाणीत शिकवल्याशिवाय घेत नाहीत. कारखान्यात शिकणं हा हक्क आहे. पण आपल्या दोन जिल्ह्यांत बायांचं सगळ्यांत मोठं कामाचं ठिकाण कोणतं? रान. आणि रानातल्या कामासाठी असा एकही नियम नाही.

१९६९ च्या कायद्यानं महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारनं नियंत्रणाखाली घेतला. जंगलाचे भाग पाडले, लिलाव झाले, ठेकेदार आले. सत्तर पानांचा पुडा, फळीवर मोजणी, पुड्यामागे मजुरी. किती पानं, किती पैसे, याचे नियम बारीक आहेत. पानं तोडताना बाईच्या जिवाचं काय, याचा नियम नाही. ती ठेकेदाराची कामगार नाही, वनखात्याचीही नाही. ती आपली गोळा करून आणून विकते, असं कागदावर धरलं जातं. त्यामुळे तिला शिकवण्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

याची किंमत आपण दर उन्हाळ्यात मोजतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या एकाच हल्ल्यात गेल्या. वाघाच्या हल्ल्यात माणूस मेला तर सरकार घरच्यांना पैसे देतं. २०२२ मध्ये ही रक्कम २० लाख रुपये केली, पुढे आणखी वाढवली. ते पैसे मिळायलाच हवेत. पण जीव गेल्यावर किती द्यायचे याचा शासन निर्णय आहे, आणि जीव जाऊ नये म्हणून कामाच्या आधी काय शिकवायचं याचा नाही. हे आपण बोललं पाहिजे.

कुणी म्हणेल, रानात जाणाऱ्या बाईला काय शिकवायचं? ती तर लहानपणापासून जाते. आम्हालाही आपल्या आज्या-सासवांच्या शहाणपणाचा मान आहे. पण रान बदललंय. गडचिरोलीत २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप आला आणि तेव्हापासून हत्तींचा वावर आहे. आपल्या आजीनं हत्ती कधी पाहिलाच नव्हता, तर त्याच्यापासून कसं वाचायचं हे ती कशी शिकवणार? देसाईगंज, आरमोरी भागात वाघ आता पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत वाघ गावाच्या शेजारीच राहतो. एप्रिल-मेचं ऊन आणखी कडक झालंय. आणि लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यातून आलेल्या मुलीला इथलं रान नवंच असतं.

शिकूनही माणूस जातो, हेही खरं. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात वाघांच्या खुणांची पाहणी करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती गणवेशातली, प्रशिक्षित आणि सोबत माणसं घेऊन गेलेली होती. त्यानंतर वनखात्यानं पायी पाहणी काही काळ थांबवली. म्हणजे एका अपघातानंतर कामाची पद्धतच तपासली गेली. तेंदू तोडणारी बाई गेली तर दुसऱ्या दिवशी फळीवर कामाची पद्धत कोण तपासतं?

याचं उत्तर आता आपल्याच हातात येऊ लागलंय. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावांना सामूहिक हक्क दिले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या गावानं स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. पेसा आणि वनहक्क या दोन्ही कायद्यांमुळे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याची विक्री स्वतः ठरवतात. भाव ग्रामसभा ठरवते, हिशेब ग्रामसभा ठेवते. मग कामाच्या ठिकाणी मालकाचं जे कर्तव्य असतं, तेही ग्रामसभेचंच नाही का? आणि ग्रामसभा म्हणजे कोण? तुम्ही आणि आम्हीच. जिथं अजून ठेकेदार आहे, तिथं ठेका देताना ही अट घालायला सांगता येईल.

खाणीच्या १९६६ च्या नियमांतून आपण चार गोष्टी उचलू शकतो.

पहिली, शिकल्याशिवाय सुरुवात नाही. हंगामाच्या आधी एक दिवस गावात शिकवणी ठेवायची. वनरक्षक, आशाताई आणि गावातल्या दोन जाणत्या बाया यांनी शिकवायचं. गावात माडिया, गोंडी, छत्तीसगडी, तेलुगू, बंगाली जी भाषा चालते, तीत शिकवायचं.

दुसरी, शिकण्याच्या दिवसाची मजुरी बुडू नये. ग्रामसभेच्या तेंदूच्या पैशातून त्या दिवसाचा मोबदला ठेवता येईल का, यावर सभेत बोला.

तिसरी, नव्या बाईला एकटीला सोडायचं नाही. पहिल्या हंगामात तिला जाणतीच्या सोबतीनंच पाठवायचं.

चौथी, दर वर्षी उजळणी. हत्ती कुठं आहेत, वाघीण पिलांसकट कुठं दिसली, हे दर वर्षी बदलतं.

आणि शिकवायचं काय? गटानं जायचं, बोलत जायचं. उजाडायच्या आधी आणि दिवस मावळल्यावर आत शिरायचं नाही. वाकून काम करणारं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतं, म्हणून गटातल्या एकीनं उभं राहून राखण करायची. वाघ समोर आला तर पाठ फिरवून पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. हत्तीच्या जवळ जायचं नाही, मोबाइलवर फोटो काढायला तर मुळीच नाही. साठवलेल्या धान्याच्या आणि मोहफुलांच्या वासानं हत्ती घरापर्यंत येतात, हे ध्यानात ठेवायचं. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, तो भाग हलू न देता लगेच सरकारी दवाखान्यात न्यायचं. उन्हात चक्कर आली, बोलणं अडखळलं, तर सावलीत घेऊन अंग ओलं करायचं आणि दवाखाना गाठायचा.

यात एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मोहफुलं रात्री आणि पहाटे पडतात. उशिरा गेलं तर गुरं खातात, नाही तर दुसरी कुणी वेचून नेते. तेंदूला पुड्यामागे पैसे मिळतात, मग उभी राहून राखण करणारीचे पुडे कमी भरतात. म्हणजे नियम पाळणारीचं नुकसान आणि न पाळणारीचा फायदा. असा नियम दोन दिवसही टिकत नाही. म्हणून हे एकटीनं पाळायचं काम नाही. अख्ख्या गावानं ठरवावं की उजाडल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी निघायचं. राखण करणारीच्या वाट्याचे पुडे गटातल्या बाकीच्यांनी भरून द्यावेत, आणि राखणीची पाळी रोज बदलावी. बचत गटात आपण हप्त्याचा हिशेब इतका चोख ठेवतो, तर हा हिशेब का जमू नये?

मोहाचा हंगाम होळीच्या आसपास सुरू होतो. त्याच्या आधीच्या बैठकीत तुमच्या गटानं तीन प्रश्न लिहून ठेवावेत. या वर्षी आपल्या गावात रानात पहिल्यांदा जाणाऱ्या बाया कोण कोण आहेत? त्यांना कोण शिकवणार आणि कोणत्या दिवशी? आणि त्या दिवसाचा मोबदला कुठून येणार? हे तीन प्रश्न ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लिहून द्या आणि सचिवाकडून पोच घ्या. घरातलं कुणी कारखान्यात किंवा खाणीत नव्यानं लागत असेल, तर पहिल्या संध्याकाळी त्यालाही विचारा की आज काय शिकवलं. तुमच्या गावानं काय ठरवलं ते आम्हाला कळवा. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या भागात आम्ही ते सगळ्या गावांना ऐकवू.